२६ इंची जुनी एमटीबी (डोंगरी सायकल) पुन्हा उभी करतोय : काय ठेवू, काय बदलू?

यवतेश्वर_वळण
नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात घराचा माळा रिकामा केला. पोत्यात गुंडाळून ठेवलेली माझी सायकल वीसेक वर्षांनी खाली उतरली. १९९८ साली दहावी झाल्यावर वडिलांनी पुण्यातल्या ओळखीच्या एकाकडून वापरलेली घेऊन दिली होती. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सायकल गाडीच्या टपावर टाकून साताऱ्याला आणली. दोन्ही चाकांत हवा नव्हती, म्हणून स्टँडपासून राजवाड्यापर्यंत मी ती हातात धरून चालत नेली. रस्त्यात तिघांनी थांबवून विचारलं, "रेंजर का?" तेव्हा आमच्याकडे जाड टायरच्या कुठल्याही सायकलला रेंजरच म्हणत. फ्रेम परदेशी बनावटीची होती, पण नाव रेंजरच पडलं.

त्या सायकलवर मी पहिल्यांदा यवतेश्वरचा घाट न उतरता चढलो. त्याआधी दांडीच्या सायकलवर निम्मा घाट ढकलतच जायचो. समर्थ मंदिर मागे पडलं की चढ सुरू व्हायचा. पुढचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर, मागचा सगळ्यात मोठ्या चकतीवर, आणि मग श्वास मोजत वर. पहिल्या दिवशी कासच्या तलावावर पोचलो तेव्हा चौघांत मिळून दोन भाकऱ्या, खर्डा आणि एक कांदा होता. पाणी तलावाचंच प्यायलो.

आता सायकलची अवस्था सांगतो. फ्रेम क्रोमोली स्टीलची, कुठे तडा नाही, खालच्या नळीवर थोडा गंज. पुढे तीन चकत्या, ४६-३६-२४ दातांच्या. मागे सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा गठ्ठा), १४ ते २८ दातांचं. शिफ्टर हँडलवर बसणारे, अंगठ्याने ढकलायचे. ब्रेक कँटिलिव्हर (दोन्ही बाजूंनी रिम दाबणारे, जुन्या पद्धतीचे), त्यांचे रबर दगड झालेत. रिम ॲल्युमिनियमच्या. हँडल धरणारा स्टेम फ्रेममध्ये घट्ट अडकलाय, वर-खाली होत नाही. चेन पूर्ण गंजलीय.

मुलगी म्हणते नवीन घ्या. दुकानात जाऊन २९ इंची पाहून आलो. पुढे एक चकती, मागे बारा, डिस्क ब्रेक. चालवून पाहिली आणि खरं सांगतो, आवडली. पण घरी आल्यावर परत माळ्यावरच्या सायकलपाशीच जाऊन बसलो. मला हिच्यावरून परत कासला जायचंय. काय ठेवू आणि काय बदलू?

दंडोबा_मुरूम
मी मिरजेचा. सांगली-मिरजेत सगळं सपाट. आयर्विन पुलावरून हरिपूरपर्यंत जायचं तर गिअरची गरजच पडत नाही. पण मी दंडोबाच्या डोंगरात जातो, तिथे मुरमाचा उतार आहे, आणि तिथे जुन्या-नव्यातला फरक अंगाला कळतो.

माझ्याकडेही आधी २६ इंची होती. तिचा स्टेम लांब, हँडल अरुंद, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा जमिनीशी कोन उभा. साधारण ७१ अंश असायचा त्या काळी. उतारावर सगळं वजन पुढच्या चाकावर यायचं आणि दगड आडवा आला की मी हँडलवरून पुढे. नव्या सायकलींचा हा कोन ६४ ते ६७ अंशांपर्यंत आलाय, स्टेम बोटभर लांबीचा, हँडल हात पसरून धरावं लागेल इतकं रुंद. त्यामुळे पुढचं चाक तुमच्या बरंच पुढे राहतं आणि उतारावर जीव ठिकाणावर राहतो. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत झालेला सगळ्यात मोठा बदल हा. गिअरची संख्या नंतर येते.

दुसरी गोष्ट, सीट खाली जाणारा ड्रॉपर पोस्ट. हँडलवरचं बटण दाबलं की सीट खाली, परत दाबलं की वर. एकदा वापरल्यावर त्याच्याशिवाय उतार उतरवत नाही.

म्हणून माझं मत : जुनी भिंतीवर लावा, नवी घ्या.

छर्रे_आणि_ग्रीस
भिंतीवर लावू नका. मी कराडला बावीस वर्षं सायकल दुरुस्ती केली, आता दुकान भाच्याकडे आहे. सविस्तर लिहितो.

पहिलं काम स्टेमचं. स्टील फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा स्टेम वर्षानुवर्षं बसून राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरतात. वरचा बोल्ट चार-पाच आटे सैल करा, त्यावर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या, म्हणजे खालची पाचर सुटेल. मग गंज सोडवणारं तेल वरून सोडा आणि दोन दिवस हात लावू नका. नंतर पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे हलवा. गॅसच्या शेगडीवर धरायचा मोह होईल, पण रंग जळेल आणि वडिलांनी आणलेली सायकल वेगळीच दिसायला लागेल.

दुसरं, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या धुरीचा सांधा) उघडताना लक्षात ठेवा, उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो. डावं पॅडलही उलट्या आट्याचं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फ्रेमा कुणीतरी जोर लावून आटे खाऊनच आणलेल्या असायच्या. छर्रे काढा, रॉकेलने कप धुवा, कपात खड्डे पडलेले दिसले तर सीलबंद कार्ट्रिज टाका. शेल (फ्रेममधली त्याची नळी) ६८ मिमीचं असेल, पण मोजून घ्या, आणि जुन्या धुरीची लांबी मोजून तेवढीच घ्या. नाहीतर चेनची रेघ चुकते.

आता गिअर. दुकानात पाहिलेल्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे मोठी चकती ५१ असेल असं धरतो. पायाचा एक पूर्ण फेरा झाला की सायकल किती पुढे जाते ते काढू. २९ इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण २.२९ मीटर. ३२ भागिले ५१ गुणिले २.२९, म्हणजे १.४४ मीटर. तुमच्या चाकाचा घेर साधारण २.०५ मीटर. आज तुमचा सगळ्यात हलका गिअर २४ वर २८, म्हणजे १.७६ मीटर. पंचेचाळिशीत यवतेश्वरला तो जड जाणारच.

पण सात गिअरचं १४-३४ फ्रीव्हील बाजारात मिळतं, अगदी साधं आणि स्वस्त. ते टाकलं की २४ वर ३४, म्हणजे १.४५ मीटर. बारा गिअरच्या सायकलीत आणि तुमच्यात एका सेंटीमीटरचा फरक उरला!

तोटाही सांगतो. या फ्रीव्हीलमध्ये २४ दातांवरून एकदम ३४ वर उडी आहे. पाय एकदम हलके पडतात. चढावर मला ते चालतं, काहींना नाही चालत. नव्या बारा गिअरमध्ये पायऱ्या एकसारख्या असतात, हा त्यांचा खरा फायदा.

मागचा डीरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) मात्र बदलावा लागेल. तुमचा २८-३० दातांपलीकडे जाणार नाही. लांब पिंजऱ्याचा घ्या, ३४ दात पेलणारा. एकूण क्षमता ४२ दातांची लागते, पुढचा फरक २२ (४६ वजा २४) आणि मागचा २० (३४ वजा १४). शिमानो कंपनीचे शिफ्टर असतील तर शिमानोचाच सात, आठ किंवा नऊ गिअरचा डोंगरी डीरेलर बसेल, केबल ओढण्याचं प्रमाण या तिन्हींत एकच आहे. दहा गिअरपासून पुढचा घेऊ नका, त्यात ते बदललं.

दंडोबा_मुरूम
एका सेंटीमीटरचा फरक हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे घेतो. कोनाचं मात्र कायम.

पहाटे_कास
अंगठ्याच्या शिफ्टरला हात लावू नका, एवढंच सांगायला खातं उघडून लिहितोय.

त्या शिफ्टरवर बहुतेक वेळा एक फिरवायची चकती असते. एका बाजूला फिरवली की 'टक टक' करत ठरलेल्या जागी गिअर पडतो, दुसऱ्या बाजूला फिरवली की टक-टक बंद, नुसतं घर्षण. मग गिअर तुम्ही कानाने लावायचा. चेन कुरकुरली की अंगठा केसभर पुढे, आवाज थांबला की बसला.

दोन वर्षांपूर्वी बामणोलीच्या उतारावर सायकल उजव्या बाजूला आपटली आणि डीरेलर टांगलेला असतो तो हँगर आत वाकला. नव्या सायकलीवर अशा वेळी बारापैकी तीन-चार गिअर धड पडतात, कारण तिथल्या चकत्यांमधली जागा फार कमी आणि सगळं मोजून-मापून बसवलेलं. मी शिफ्टरवरची चकती फिरवली, घर्षणावर टाकलं आणि शिवसागरच्या काठापासून साताऱ्यापर्यंत सगळे गिअर वापरत आलो. तिथे मोबाईलला रेंजही नव्हती.

माणदेशी_काटा
आमच्याकडं दहिवडीच्या बाजूला गिअरचं कुणाला काय पडलेलं नाय. आमचा वैरी बाभळीचा काटा. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ छाटत्यात आन् काटं सगळं डांबरावर. एका दिवसात चार पंक्चर काढल्यात मी, सोल्युशनची नळी संपली.

नवीन गोष्टींतली एकच मला मनापासून पटली, ती म्हंजी ट्यूबलेस. टायरात चीक घालायचा, काटा शिरला की चीक बाहेर येतो, सुकतो, भोक बंद. संध्याकाळी घरी येऊन काटं मोजायचं फक्त. पण दादा, जुन्या रिमवर ते नीट धरत नाय. टायर घट्ट बसायला रिमला आतनं जी कड लागती ती जुन्या रिमला नसती. जोर करून बसवलं आन् उतारावर टायर निसटलं तर काय करणार? त्यापेक्षा ट्यूबमधीच चीक घाला. व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब बघून घ्या, म्हंजी आत चीक सोडता येतो.

छर्रे_आणि_ग्रीस
बरोबर. आणि टायर घेताना २६ बघून घेऊ नका, टायरच्या बाजूवर छापलेला तीन आकडी नंबर बघा. डोंगरी सायकलचा ५५९. लेडीज सायकलचा २६ × १ ३/८ दिसायला सारखाच, पण तो ५९०. रिमवर बसणारच नाही. माझ्या दुकानातून लोक हे चुकीचे टायर परत करायला यायचे.

जुना_स्वार
वय ६९. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझं तरुणपण २८ इंची काळ्या सायकलवर गेलं, सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत परळीला कितीतरी वेळा गेलो. डोंगरी सायकल मी चाळिशीत पहिल्यांदा चालवली आणि मग तिच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून भाग आहे. तिथे १९७६ पासून काही पोरं डोंगरावरच्या मातीच्या रस्त्याने खाली सुटण्याची शर्यत लावत. नाव 'रिपॅक'. त्यांच्याकडे डोंगरी सायकल नव्हतीच, कारण ती अजून जन्मलीच नव्हती. १९३०-४०च्या काळातल्या जड, जाड टायरच्या भंगारात निघालेल्या सायकली होत्या. ब्रेक मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), पॅडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत पुन्हा भरणं म्हणजे रिपॅक, तेच शर्यतीचं नाव झालं.

या पोरांनी त्या जुन्या फ्रेमांवर गिअर लावले, हबच्या ब्रेकच्या जागी दुसरे ब्रेक लावले, मोटारसायकलच्या लिव्हर लावल्या. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये याच कामासाठी नवी फ्रेम बनवली. टॉम रिची, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्याच टोळीतली नावं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर आली, मोठ्या संख्येने बनवून विकलेली पहिली डोंगरी सायकल, आणि १९८२ मध्ये शिमानोने डिओर एक्सटी हा खास डोंगरी संच काढला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ गेला तेव्हा भंगारातल्या त्या सायकलींना वीसच वर्षं झाली होती.

मिरजेचे मित्र ड्रॉपर पोस्टबद्दल म्हणाले. सीट चालता-चालता खाली-वर करायची कल्पना तेव्हाचीच. १९८०च्या दशकात हाइट-राइट नावाची एक स्प्रिंग मिळायची, सीटपोस्टला आणि फ्रेमला जोडायची. क्लँप सैल करून वजन टाकलं की सीट खाली, उठलं की वर. तीही जो ब्रीझ यांच्याच डोक्यातली.

यवतेश्वरच्या मित्रा, तू विचारतोस जुन्या फ्रेमवर नवे पार्ट लावू का. या सायकलचा जन्मच तसा झालाय. वडिलांच्या सायकलीवर अन्याय होईल असं मनात आणू नकोस.

यवतेश्वर_वळण
काका, तुमच्या प्रतिसादाने मनावरचं ओझं उतरलं. तेच वाटत होतं, लिहिता येत नव्हतं.

स्टेम निघाला! दोन दिवस तेल, मग गुडघ्यांत चाक धरून एक हिसका.

एक शंका उरली, ब्रेकची. २००१ च्या ऑगस्टमध्ये कासवरून पावसात खाली येत होतो. दोन्ही लिव्हर हँडलला टेकल्या तरी सायकल वेग घेत होती. रिमवर पाण्याचा थर, रबर नुसतं घसरत होतं. वळणावर डोंगराच्या बाजूच्या गटारात सायकल घातली म्हणून वाचलो. दुसऱ्या बाजूला दरी होती. कोपरावरची खूण अजून आहे. घरी वडिलांना पाय घसरून पडलो एवढंच सांगितलं. त्यांनी काही न विचारता सायकल अंगणात उलटी केली आणि कंदिलाच्या उजेडात ब्रेकचे रबर बदलले. म्हणजे त्यांना कळलं होतं.

म्हणून बाकी काहीही जुनं चालेल, ब्रेक मला चांगले हवेत. या फ्रेमला डिस्क लावता येईल का?

छर्रे_आणि_ग्रीस
नाही. ॲडॅप्टर मिळतात, पण लावू नका. डिस्कचा सगळा झटका चाकाच्या आसाजवळ एका ठिकाणी येतो. तुमच्या फ्रेमच्या मागच्या बारीक नळ्या आणि पुढचा चिमटा त्यासाठी बनवलेलाच नाही.

व्ही-ब्रेक लावा. १९९६ च्या सुमाराला शिमानोने आणले आणि कँटिलिव्हर मागे पडले. तुमच्या फ्रेमवर कँटिलिव्हरचे जे खुंटे आहेत त्यांवरच बसतात. फक्त लिव्हरही बदला. व्ही-ब्रेकचे हात लांब असतात, त्यांना केबल जवळपास दुप्पट ओढावी लागते. जुन्याच लिव्हरवर लावले तर लिव्हर हँडलपर्यंत येते आणि ऐन वेळी पुढे दाबायला जागा उरत नाही. तुमचं नशीब चांगलं, शिफ्टर वेगळे आहेत, त्यामुळे लिव्हर एकटी बदलता येते. पुढे शिफ्टर आणि लिव्हर एकाच तुकड्यात आले, त्यात एक बिघडलं की दोन्ही जातात.

भर पावसात घाटात मात्र डिस्कची बरोबरी रिमवरचा ब्रेक करू शकत नाही, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. जांभ्याची लाल माती पाण्यात मिसळून रिमवर बसते आणि ब्रेक दाबला की सँडपेपरसारखी रिम घासते. रिमच्या बाजूवर पट्टी उभी धरून बघा. पट्टी आणि रिममध्ये मधोमध फट दिसली तर रिम आत झिजलीय, ती आधी बदला. हवेच्या दाबाने अशी रिम फुटते. पावसाळ्यात कासला जाऊ नका, किंवा उतरताना आधीपासून ब्रेक हलके लावत या म्हणजे पाणी पुसलं जातं.

दंडोबा_मुरूम
नव्या डिस्कवाल्यांसाठीही एक सूचना. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, इतर काहींत डॉट ऑइल. गॅरेजमध्ये मोटारसायकलचं डॉट ऑइल मिळतं म्हणून मिनरलवाल्या ब्रेकमध्ये घालू नका, आतले सील फुगून खराब होतात. लिव्हरवर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

पहाटे_कास
चेनचाही खर्च बघा. बारा गिअरची चेन बाहेरून सव्वापाच मिमी रुंद, सातची सात मिमीच्या आसपास. पातळ चेन लवकर बदलावी लागते आणि किंमत कितीतरी पट. जुन्या चेनची झीज फूटपट्टीने कळते : बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरली की चेन गेली, आणि सोबत फ्रीव्हीलचे दातही खाल्ले. तिथपर्यंत थांबू नका, त्याच्या निम्मी वाढ दिसली की बदला.

यवतेश्वर_वळण
रविवारी जाऊन आलो!

केलेली कामं : १४-३४ फ्रीव्हील, लांब पिंजऱ्याचा डीरेलर, नवी चेन, व्ही-ब्रेक आणि लिव्हर, नव्या केबल, ट्यूबमध्ये चीक. मंगळवार तळ्याजवळच्या मिस्त्रींनी दोन्ही रिमचा आऊट (वाकडेपणा) काढला. फट तपासली, रिम ठीक आहेत. फ्रेम, क्रँक, शिफ्टर, स्टेम सगळं जुनंच. डिस्क नाही, ड्रॉपर नाही. मिरजेच्या मित्राचं ऐकून हँडल तेवढं थोडं रुंद घेतलं, आणि उतारावर खरोखर फरक पडला.

पहाटे साडेपाचला समर्थ मंदिर सोडलं. २४ वर ३४ तिसऱ्या वळणावर लागला. ती उडी जाणवते, पण पाय एकदा लागले की चालत राहतात. यवतेश्वरच्या देवळापाशी थांबलो, मागे वळून पाहिलं तर अजिंक्यतारा धुक्याच्या वर आणि गाव धुक्याच्या खाली. पठारावर शिफ्टर घर्षणावर टाकला आणि मुद्दाम कानाने गिअर लावत गेलो. पहिल्या दोन-तीन वेळा चुकलो, मग अंगठ्याला आपोआप आठवलं. कासच्या तलावावर सव्वाआठला पोचलो. खर्डा-भाकरी नेली होती.

उतरताना २००१ च्या त्या वळणावर थांबलो. गटार आता सिमेंटचं झालंय. रस्ता कोरडा होता, एका बोटाने ब्रेक दाबला तरी सायकल जागेवर उभी राहत होती. वडील असते तर त्यांना खाली जाऊन लगेच दाखवलं असतं.

मुलीने संध्याकाळी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आता तिला पेढ्याच्या भैरोबापर्यंत यायचंय.

माणदेशी_काटा
लय भारी. काटं किती निघालं?

यवतेश्वर_वळण
मागच्या टायरमध्ये दोन. हवा तेवढीच.

जुना_स्वार
मुलीसाठी सीट खाली घेताना पोस्टला ग्रीस लाव. नाहीतर स्टेमसारखाच अडकेल.